‘मन मोकळे करा’ हा आग्रह नको

संपादक महोदय,

बॉम्बस्फोटानंतरचे रुग्णालय असो वा युद्धातून पळून आलेल्यांची छावणी, दोन-तीन दिवसांत तिथे समुपदेशन करायला निघालेल्या स्वयंसेवकांची रीघ लागते. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण त्यांच्यापैकी अनेकांची एक पक्की समजूत असते की, घडलेले लवकरात लवकर बोलून टाकले, रडून घेतले, की मनातली गाठ सुटते. या समजुतीपायी होणारे नुकसान टाळता येण्याजोगे आहे, म्हणून हे पत्र.

१९८०च्या दशकात अमेरिकेत अग्निशमन आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठी ‘डिब्रीफिंग’ नावाची पद्धत निघाली. घटनेनंतर काही दिवसांत सगळ्यांना एकत्र बसवायचे आणि काय पाहिले, काय वाटले, सर्वांत भयंकर क्षण कोणता, हे क्रमाने वदवून घ्यायचे. पुढे ती पद्धत पीडितांवरही सर्रास वापरली गेली. भाजलेल्या रुग्णांवरच्या १९९७ मधील एका ब्रिटिश अभ्यासात, अशी बैठक झालेल्यांपैकी २६ टक्के रुग्णांना तेरा महिन्यांनी पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा तणावविकार, असल्याचे आढळले. बैठक न झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. पहिल्या गटाच्या जखमा मुळातच काहीशा जास्त होत्या, त्यामुळे या एकाच आकड्यावर विसंबू नये. पण नंतर अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हाही एका बैठकीचा उपयोग दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनाही ही पद्धत वापरू नका असेच सांगते. याचे कारण बहुधा असे की, पहिल्या काही रात्री शरीर अजून धोक्याच्या पवित्र्यात असते. त्या अवस्थेत तपशील उकरून काढले की भीती ओसरण्याऐवजी घट्ट बसते. गटात बसलेल्याला तर इतरांनी पाहिलेली दृश्येही ऐकावी लागतात. आणि ऐकणारा दुसऱ्या दिवशी निघून गेलेला असतो.

मग करायचे काय? २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांबरोबर मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचा गाभा तीन क्रियापदांचा आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. आधी जागा सुरक्षित आहे का आणि तातडीची गरज कुणाला आहे, हे पाहायचे. मग जवळ जाऊन नाव सांगायचे, समोरच्याच्या पातळीवर बसायचे आणि ‘आत्ता सर्वांत जास्त कशाची काळजी वाटते?’ एवढेच विचारायचे. उत्तर बहुतेक वेळा साधे असते. पाणी, पांघरूण, फोन चार्ज करायची सोय, हरवलेला भाऊ. तेच काम करायचे. माणूस आपणहून बोलू लागला तर ऐकायचे, मध्ये तोडायचे नाही आणि ‘मग पुढे काय झाले?’ असे ओढायचेही नाही. हरवलेल्यांच्या शोधासाठी रेडक्रॉसची यंत्रणा आहे. तिचा अर्ज भरून देणे हे तासभराच्या सांत्वनापेक्षा मोठे काम आहे. ‘तो नक्की सापडेल’ असे मात्र कधीही म्हणू नये.

सर्वांत जास्त गफलत होते ती वेगळ्याच ठिकाणी. सुन्न बसलेला, हाकेला ओ न देणारा माणूस दिसला की ‘धक्का बसलाय’ असे म्हणून त्याचा हात धरला जातो. स्फोटाच्या दाबाने कानाचा पडदा फाटतो, त्यामुळे कदाचित त्याला ऐकूच येत नसेल. डोके दुखणे, उलट्या, गोंधळलेले बोलणे, वाढती गुंगी ही मेंदूच्या इजेची लक्षणे असू शकतात. असा माणूस आधी डॉक्टरकडे जायला हवा. रोजच्या औषधांचेही तसेच. फिट्सची गोळी अचानक बंद झाली तर झटके येतात आणि रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू तुटली की दोन-तीन दिवसांत थरथर, भ्रम, अगदी जीवघेणी अवस्थाही येऊ शकते. ‘औषधे बरोबर आहेत का?’ हा प्रश्न म्हणून पहिल्याच भेटीत विचारायला हवा. लैंगिक अत्याचाराबद्दल खोदून विचारायचे नाही, पण एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत आणि गर्भधारणा टाळणारी गोळी पाच दिवसांच्या आत सुरू व्हावी लागते, ही माहिती सर्वच स्त्रियांपर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था हवी. तसेच, झोप येत नाही म्हणून सरसकट झोपेच्या गोळ्या वाटणे बंद व्हायला हवे. पहिल्या महिन्यात आघाताच्या लक्षणांवर बेंझोडायझेपिन गटातली, म्हणजे झोप आणणारी व शांत करणारी, औषधे देऊ नयेत, असा स्पष्ट सल्ला आहे.

घाबरून श्वास लागलेल्याला ‘खोल श्वास घ्या’ म्हटले की तो भराभर मोठे श्वास घेतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि भीती आणखी वाढते. भर श्वास सोडण्यावर द्यावा: चार आकडे मोजेपर्यंत घ्या, सहापर्यंत सोडा, तेही हळू. डोळे उघडे ठेवायला सांगावे, कारण मिटले की तीच दृश्ये समोर येतात. तळपाय जमिनीवर टेकवून समोरच्या पाच वस्तूंची नावे घ्यायला लावणे अनेकदा पुरते. पाठीवर हात ठेवायचा तर विचारून.

मुलांना पालकांपासून वेगळे करू नये आणि ‘काय पाहिलेस त्याचे चित्र काढ’ असेही सांगू नये. त्यांना खेळायला जागा आणि दिवसाचे ठरलेले वेळापत्रक हवे असते. मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले तर ते रागावण्याचे कारण नाही, हे पालकांना सांगावे. दुभाष्याचे काम मुलावर टाकू नये. दुभाषी विरुद्ध बाजूच्या गटातला तर नाही, हेही आधी पाहावे, नाहीतर समोरचा गप्पच राहील आणि स्वयंसेवक त्याला ‘सहकार्य न करणारा’ म्हणून मोकळा होईल. मृतदेह पाहायचा की नाही हा निर्णय नातेवाइकांचा. काय दिसेल ते आत जाण्याआधी शांतपणे सांगावे.

झोप उडणे, दचकणे, तीच दृश्ये पुन्हा दिसणे हे पहिल्या आठवड्यांत जवळजवळ सर्वांना होते आणि बहुतेकांचे ते हळूहळू कमी होते. पीटीएसडीचे निदान लक्षणे महिन्याहून अधिक टिकल्याशिवाय करत नाहीत. युद्धग्रस्त भागात साधारण पाचातल्या एकाला कोणता ना कोणता मानसिक आजार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ मधला अंदाज आहे. या लोकांना खरे उपचार लागतात. त्यांत आठवणींवर काम होते, पण ते प्रशिक्षित माणसाकडून, अनेक सत्रांत आणि सुरक्षित जागी. अशा उपचारांतले, आठवण मनात धरून डोळे हलवायला लावण्याचे तंत्र (ईएमडीआर) दोन दिवसांच्या कार्यशाळेत शिकून छावणीत वापरून मधेच परतणे म्हणजे शस्त्रक्रियेची जखम उघडी ठेवून जाणे आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचे कुणी बोलले तर थेट विचारावे, विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरते हा गैरसमज आहे. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी जाणकाराकडे न्यावे.

स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थांना म्हणूनच काही विचारायला हवे. माणसे किमान काही आठवडे राहणार आहेत का? जोडीने काम करतील का, त्यांच्यावर देखरेख कोण ठेवणार? पीडितांची छायाचित्रे काढणार नाहीत, असे लेखी घेतले आहे का? स्वयंसेवक निघताना प्रत्येक पीडिताची माहिती, त्याच्या संमतीने, पुढच्या माणसाच्या हाती कशी जाणार? आणि कुणाला कुठे पाठवायचे याची यादी दर आठवड्याला फोन करून कोण तपासणार? युद्धात दवाखाने हलतात, बंद पडतात, आणि जुन्या पत्त्यावर पाठवलेला माणूस बंद दार पाहून परतला तर पुन्हा मदत मागायला सहसा येत नाही.

आपले,
मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण देणारे कार्यकर्ते