वर्गातला प्रोजेक्टर सांभाळणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगावातील एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला वनस्पतिशास्त्र शिकवते. शैक्षणिक वर्ष सुरू झाले की स्मार्ट क्लासरूमच्या उद्घाटनांची छायाचित्रे आपल्या दैनिकात येऊ लागतात. फीत कापलेली असते, पडद्यावर संस्थेचे बोधचिन्ह झळकत असते आणि पाहणाऱ्याला बरे वाटते. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत त्या खोलीत काय घडते, याविषयी मात्र कोठेच काही लिहिले जात नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. कोणत्याही एका संस्थेकडे बोट दाखवण्याचा माझा हेतू नाही, कारण खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या शिक्षकांशी बोलताना हेच अनुभव ऐकू येतात.

गेल्या पावसाळ्यात मी खोडाचा आडवा छेद शिकवत होते. अशा छेदाला सॅफ्रानिन आणि फास्ट ग्रीन या दोन रंगांनी रंगवतात; लिग्निन हा कठीण करणारा पदार्थ असलेल्या झायलमच्या, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या ऊतीच्या, पेशीभित्तिका लाल दिसतात आणि सेल्युलोजच्या भित्तिका हिरव्या. त्या दिवशी पडद्यावर पांढरी पार्श्वभूमी निळसर हिरवी झाली होती आणि जेथे लाल झायलम दिसायला हवे होते तेथे काळपट डाग होते. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, ‘‘मॅडम, यात झायलम कुठलं?’’ माझ्या लॅपटॉपवर चित्र स्वच्छ होते. मी रिमोटने रंगांची मांडणी बदलून पाहिली, प्रोजेक्टर बंद करून पुन्हा लावला, लॅपटॉपही बंद करून चालू केला. यात पंचवीस मिनिटे गेली. जांबोटीकडून भर पावसात सकाळची बस धरून आलेली मुले वह्या उघडून गप्प बसली होती. अखेर कोणीतरी आमच्या अटेंडर मामांना बोलावून आणले. त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिले, लॅपटॉपचे चित्र प्रोजेक्टरकडे नेणारी व्हीजीए केबल सोडवून तिचे तोंड खिडकीच्या उजेडात धरले आणि म्हणाले, ‘‘ह्याची एक पिन वाकलीय बघा.’’ संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलची रिकामी नळी त्या पिनेवर चढवून त्यांनी ती अलगद सरळ केली. केबल जोडताच झायलम लाल झाले.

व्हीजीए केबलच्या पंधरा पिनांपैकी पहिली लाल रंगाचा, दुसरी हिरव्याचा आणि तिसरी निळ्याचा संदेश वाहते. यांतली एक पिन वाकली की तेवढा एक रंग नाहीसा होतो, बाकीचे चित्र जागेवर राहते. मला हे ठाऊक नव्हते. मामा त्या दिवशी सुट्टीवर असते तर मी ‘प्रोजेक्टर नादुरुस्त’ असा अर्ज दिला असता, तीन दरपत्रके मागवली गेली असती आणि धडधाकट यंत्र सहा महिने कापडाखाली झाकून पडले असते. असे कापडाखाली पडलेले प्रोजेक्टर मी पाहिले आहेत.

या यंत्रांच्या बहुतेक तक्रारी यंत्राच्या पोटात नसतात, जोडणीत असतात. ‘नो सिग्नल’ ही पाटी आली की आपण प्रोजेक्टरला दोष देतो. प्रत्यक्षात प्रोजेक्टर एका जोडणीकडे पाहत असतो आणि केबल दुसऱ्या जोडणीत लावलेली असते, किंवा लॅपटॉपने दुसरा पडदा ओळखलेलाच नसतो. रिमोटवरचे ‘सोर्स’चे बटण आणि लॅपटॉपवर विंडोजच्या कळीबरोबर ‘पी’ दाबून निवडलेला ‘डुप्लिकेट’ हा पर्याय, एवढ्याने निम्मे तास वाचतील. तरीही चित्र आले नाही तर प्रोजेक्टर आधी सुरू करून त्याला पूर्ण उजळू द्यावे आणि मग केबल जोडावी, कारण लॅपटॉप समोरच्या यंत्राला त्याची क्षमता विचारतो आणि उत्तर मिळाले तरच चित्र पाठवतो. जुन्या खोल्यांत भिंतीतून ओढलेली केबल व्हीजीएची आहे आणि आजच्या लॅपटॉपला एचडीएमआय किंवा टाइप-सी एवढेच तोंड असते, त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर लागतो. प्रत्येक टाइप-सी तोंडातून चित्र बाहेर पडतेच असे नाही, हे विकत घेताना दुकानदारही सांगत नाही. मग प्रत्येक शिक्षक आपापला कन्व्हर्टर पर्समध्ये घेऊन फिरतो. तो हरवला किंवा गरम होऊन बंद पडला की त्या दिवशी पडदा कोराच राहतो.

आवाजाचे दुखणे आपल्या भागात अधिक आहे. आमच्या इमारतीचा जुना भाग मंगलोरी कौलांचा आणि नंतर वाढवलेला भाग पत्र्याचा आहे. जुलैत पत्र्यावर पाऊस सुरू झाला की तिसऱ्या बाकापलीकडे शब्द पोहोचत नाही, म्हणून तेथे माइक ही चैन नव्हे, गरज आहे. परंतु स्पीकर शिकवणाऱ्याच्या पाठीमागे टांगलेले असल्यामुळे आवाज थोडा वाढवला की तोच आवाज माइकमध्ये शिरून कर्कश शिटी सुरू होते आणि शिक्षक माइक ठेवून ओरडून शिकवू लागतात. स्पीकर शिक्षकाच्या पुढे, मुलांच्या दिशेने सरकवले तर हा त्रास बराच कमी होतो. त्यासाठी चार स्क्रू आणि थोडी वायर लागते. चित्रफितीचा आवाज येत नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. व्हीजीए केबलमधून आवाज जातच नाही, त्याला वेगळी वायर लागते. एचडीएमआय लावली तर लॅपटॉप आवाज प्रोजेक्टरच्या लहानशा स्पीकरकडे पाठवतो आणि भिंतीवरचे मोठे स्पीकर मुके राहतात. लॅपटॉपच्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर जाऊन मार्ग बदलावा लागतो, इतकेच.

कौलांमधल्या काचेच्या कौलाने आमच्या खोलीत सुरेख उजेड येतो. दुपारी बाराला तोच उजेड नेमका पडद्यावर पडतो आणि 3000 ल्यूमेनचा (ल्यूमेन हे प्रकाशाचे माप) प्रोजेक्टर त्यापुढे फिका पडतो. त्यावर उजेड अडवणारा जाड कापडी पडदा हा साधा उपाय आहे, पण तो खरेदीच्या यादीत कधीच नसतो.

दिव्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सर्वांत मोठा खर्च तेथे होतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या प्रोजेक्टरांत पाऱ्याच्या वाफेचा उच्च दाबाचा दिवा असतो. तो विलक्षण तापतो आणि त्याला थंड ठेवण्यासाठी पंखा सतत फिरावा लागतो. तास संपल्यावर पुढच्या वर्गाला पळण्याच्या घाईत आपण भिंतीवरचे बटणच बंद करतो. पंखा थांबतो, दिवा तसाच तापलेला राहतो आणि त्याचे आयुष्य घटते. पावसाळ्यात मध्येच वीज गेली तरी तेच होते. वीज लगेच परतली तरी तापलेला दिवा पेटत नाही, तो निवेपर्यंत थांबावे लागते. त्या वेळी बटण पुनःपुन्हा दाबणारे हात मी पाहिले आहेत, माझेही त्यांत होते. एका लहान यूपीएसने पंखा फिरत राहण्यापुरती सोय होते. शिवाय ज्या खोलीत फळा आणि खडू आहेत त्या खोलीत प्रोजेक्टरची जाळी खडूच्या भुकटीने भरते, हवा आत जात नाही, तांबडा दिवा लुकलुकतो आणि यंत्र स्वतःहून बंद होते. जाळी महिन्यातून एकदा झटकणे हे दहा मिनिटांचे काम आहे. आमच्याकडे ते कोणाच्याच नावावर लिहिलेले नाही.

सीमाभागातली एक अडचण वेगळी आहे. आमच्याकडे एकाच खोलीत सकाळी मराठीचा आणि दुपारी कन्नडचा तास होतो. मराठीच्या एका सहकाऱ्याने जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या पानांचा संच वर्गातल्या संगणकावर उघडला, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसली. त्याच आठवड्यात जुन्या ‘नुडी’ या कन्नड टंकलेखनाच्या प्रणालीत टंकलेल्या मजकुराची तीच गत झाली. जुन्या फाँटांत देवनागरी किंवा कन्नड अक्षर रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेले असते. तो फाँट त्या संगणकात नसेल तर मागचे रोमन अक्षर उघडे पडते. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःची जागा देणाऱ्या पद्धतीत, टंकला, किंवा निदान घरूनच पीडीएफ करून आणला, तर हा प्रश्न उरत नाही. त्या दोन सहकाऱ्यांनी मात्र तेव्हापासून पडदा वापरणेच सोडले आहे. कोणत्याही भाषेच्या शिक्षकाला असे यंत्रापासून दूर जावे लागणे मला फार लागते.

1998 साली विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्यालय बेळगावला आले आणि 2010 साली राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाले. पदव्युत्तर शिक्षणासाठी या जिल्ह्यातील मुलांना पूर्वीसारखे धारवाड गाठावे लागत नाही, ही मोठी सोय आहे. वर्गखोल्या वाढल्या, यंत्रेही आली. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यमापनात आयसीटी, म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाच्या, सुविधा असलेल्या खोल्यांची संख्या विचारली जात असल्याने खरेदीला जोरही आला. पण खोलीत यंत्र आहे एवढी नोंद होते. सकाळी नऊ वाजता ते चालू होते का, ही नोंद कोणी ठेवत नाही. खरेदीला अनुदान मिळते, देखभालीला नाही, आणि वॉरंटी संपली की यंत्र अनाथ होते.

म्हणून महाविद्यालयांच्या व्यवस्थापनांना आणि विद्यापीठांच्या प्रशासनाला माझी विनंती आहे की पुढच्या अंदाजपत्रकात नवा प्रोजेक्टर घेण्याआधी प्रत्येक इमारतीसाठी एक तंत्रसहायक नेमावा. आपल्या जिल्ह्यातील आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली मुले दरवर्षी बाहेर पडतात आणि कामासाठी पुण्या-बंगळूरला जातात; त्यांना हे काम येथेच देता येईल. पहिला तास सुरू होण्याआधी त्याने प्रत्येक खोलीत एक फेरी मारावी. जास्तीची केबल, कन्व्हर्टर आणि माइकच्या बॅटऱ्या त्याच्याजवळ असाव्यात. टेबलाला दोरीने बांधलेल्या वहीत शिक्षकांनी बिघाड लिहावा आणि दुरुस्ती झाली की त्याने तारीख घालून सही करावी. भिंतीवर यंत्र लावण्याचा आणि बंद करण्याचा क्रम कन्नडमध्ये आणि त्याखाली मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. इंग्रजी पुस्तिका कपाटात कुलपाखाली असते, तिचा वर्गात उपयोग नाही. शिक्षकांनाही वर्षारंभी अर्धा दिवस हे शिकवावे, आणि शिकवताना प्रत्येकाच्या हातात केबल द्यावी.

आमचे अटेंडर मामा येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत. त्यांना हे कोणी शिकवले नाही, घरातला रेडिओ उघडून ते स्वतः शिकले. कोणत्या खोलीतली केबल सैल आहे, कोणता प्रोजेक्टर किती वेळाने निवतो, हे सारे त्यांच्या डोक्यात आहे. त्यांच्याकडून ते लिहून घ्यावे म्हणून गेल्या आठवड्यात मी एक दोनशे पानी वही आणली आहे. पहिल्या पानावर त्यांनी खोली क्रमांक चारच्या केबलविषयी सांगितले.

आपली विश्वासू,
एक प्राध्यापिका, टिळकवाडी, बेळगाव