गेट व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात पाण्याच्या प्रेशरवर एक लेख आला होता. लेख तसा चांगला होता पण शेवटी एक सल्ला दिलाय की प्रेशर जास्त असेल तर मेन लाइनवरचा गेट व्हॉल्व्ह अर्धा बंद करून ठेवा म्हणजे प्रेशर कंट्रोलमध्ये राहील. हे वाचलं आणि राहवलंच नाही म्हणून लिहायला बसलो. माझं आयुष्य पाइपलाइनवर गेलं, आधी फिटर मग सुपरवायझर, आणि खोलून पाहिलेल्या व्हॉल्व्हपैकी बरेचसे असे अर्धवट उघडे ठेवूनच वाया गेलेले निघायचे. लिहिण्याची सवय नाही, वाक्यं लांबली तर कापा, पण आकडे तेवढे कापू नका.

आधी हा व्हॉल्व्ह आत कसा असतो ते सांगतो, कारण बाहेरून नुसती चक्री दिसते आणि लोकांना वाटतं हा मोठा नळच आहे. तसं नाहीये. पाइपात पाणी सरळ चाललंय, त्याच्या वाटेत वरून खाली एक जाड लोखंडी पाचर उतरते, लाकूड फोडायला ठोकतो तशीच, खाली निमुळती. हेच ते गेट. ते दोन्ही बाजूंच्या सीटमध्ये, म्हणजे त्याच्या बसायच्या कडांमध्ये, घट्ट रुतून बसलं की पाणी बंद. त्याला वर-खाली करणारा आटेवाला दांडा म्हणजे स्पिंडल, आणि स्पिंडलच्या बाजूने पाणी बाहेर येऊ नये म्हणून वर ग्लँड, त्यात पॅकिंगची डोरी. बस, एवढंच मशीन. जेम्स नॅस्मिथ म्हणून एक इंजिनियर होता, वाफेचा घण म्हणजे स्टीम हॅमर काढणारा, त्याने १८३९ साली रस्त्याखालच्या पाण्याच्या मेनसाठी दोन्ही तोंडांनी बसणारी अशी पाचर काढली, आणि आजही आपण जे बसवतो त्याची मूळ कल्पना तीच आहे.

याचा मोठा गुण म्हणजे पूर्ण उघडला की गेट वर बॉनेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरच्या टोपणात, निघून जातं आणि वाटेत काहीच उरत नाही, पाणी पाइपातनं जावं तसं जातं. कुठल्या व्हॉल्व्हने पाण्याला किती अडथळा होतो याचा इंजिनियर लोकांचा एक आकडा असतो, त्याला के म्हणतात. पूर्ण उघड्या गेट व्हॉल्व्हचा के साधारण ०.१५, ग्लोब व्हॉल्व्हचा मात्र पूर्ण उघडा असतानासुद्धा १० च्या आसपास, कारण त्यात पाण्याला वळण घेऊन वर चढून परत खाली यावं लागतं. आता तोच गेट व्हॉल्व्ह बंद करत चला. पाव बंद केला तर ०.२६, म्हणजे काहीच फरक नाही. अर्धा बंद केला तर २.१. पाऊण बंद केला की एकदम १७. पुस्तकागणिक हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात पण चाल हीच राहते, आधी काहीच नाही आणि शेवटी सगळं एकदम.

आता तुमच्या सल्ल्याकडे येतो. १०० मिलिमीटरचा १०० मीटर लांब पाइप घ्या, त्याच्या नुसत्या घर्षणाचाच हिशोब याच मापात २० च्या घरात जातो, मग त्यात अर्ध्या बंद व्हॉल्व्हचे २.१ कुठे जाणवणार? माणूस चक्री फिरवतो, फरक दिसत नाही, आणखी फिरवतो, तरी दिसत नाही, मग शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत पाणी एकदम तुटतं आणि तिथेच कुठेतरी तो ठेवून निघून जातो.

आणि खरी गंमत पुढे आहे. असा चिंचोळा केलेला व्हॉल्व्ह प्रेशर कमी करतो ते फक्त पाणी वाहत असताना. रात्री सगळे नळ बंद झाले, पाणी थांबलं, की व्हॉल्व्हच्या अलीकडे जेवढं प्रेशर तेवढंच पलीकडे, फट कितीही बारीक असू दे. म्हणजे ज्या प्रेशरने जुने जॉइंट सुटतात, टाकीतले फ्लोट व्हॉल्व्ह फाटतात, ते रात्रीचं प्रेशर तसंच्या तसं पोचतं आणि दिवसा सगळ्यांना पाणी हवं असतं तेव्हाच नेमकं कमी होतं. उलटाच कारभार. प्रेशर खरंच जास्त असेल तर प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह नावाची वेगळी वस्तू मिळते, ती पाणी थांबलेलं असतानाही पुढचं प्रेशर धरून ठेवते. आणि नुसता प्रवाहच कमी-जास्त करायचा असेल तर ग्लोब व्हॉल्व्ह, तो त्याच कामासाठी बनवलाय.

अर्धवट ठेवल्याने नुकसान काय होतं तेही सांगतो. गेट सीटमध्ये रुतलेलं नसलं की ते स्पिंडलला नुसतं लटकलेलं असतं, थोडं सैलच. खालच्या फटीतनं पाणी जोरात घुसतं आणि गेट थरथरायला लागतं, कान लावला तर खडखड ऐकू येते. दिवसरात्र असं हलत राहिलं की गेटला सरळ धरणाऱ्या बाजूच्या गाइड झिजतात, गेट आणि सीटच्या कडेवर पाण्यानेच चरे पडतात, पाण्यात रेती असेल तर विचारूच नका. प्रेशरचा फरक मोठा असेल तर बुडबुडे होऊन फुटतात आणि धातू टोचल्यासारखा दिसतो. मग एक दिवस लाइन फुटते, सगळे धावत येऊन व्हॉल्व्ह बंद करतात आणि पाणी काही थांबत नाही, कारण बंद होणारी जागाच खाऊन गेलेली असते. हा व्हॉल्व्ह वर्षभर पडून असतो तो त्याच एका दिवसासाठी.

प्रकार विचाराल तर पहिला भेद स्पिंडलचा, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. एकात गेट उघडताना स्पिंडल चक्रीतून वर येतो, म्हणजे लांबूनच कळतं उघडा आहे की बंद, म्हणून पंप हाऊसमध्ये आणि आग विझवायच्या लाइनवर असाच बसवतात. दुसऱ्यात स्पिंडल जागच्या जागी फिरतो आणि गेट आतल्या आत त्याच्या आट्यांवर चढतं. याला वर जागा लागत नाही, आटे उघडे पडून माती लागत नाही, त्यामुळे जमिनीखालच्या चेंबरमध्ये हाच, चक्रीऐवजी वर चौकोनी टोपी आणि लांब टी चावीने फिरवायचा. वाईट एवढंच की बाहेरून काही कळत नाही, फेरे मोजायचे आणि देवावर भरवसा ठेवायचा.

फेऱ्यांचा एक सोपा हिशोब आहे, व्हॉल्व्ह जितके इंची त्याच्या तिप्पट अधिक दोन-तीन. म्हणजे ६ इंचीला २० च्या आसपास फेरे, १२ इंचीला ३८-३९. सगळ्या व्हॉल्व्हना तंतोतंत लागू नाही पण अंदाजाला पुरतं. ६ इंची व्हॉल्व्ह बंद करताना १४ व्या फेऱ्यालाच अडकला तर तो बंद झालेला नाही, खाली काहीतरी आलंय, तिथे जोर लावायचा नाही. चार फेरे उलटे घ्या, पाणी जोरात जाऊ द्या म्हणजे खालचा गाळ निघून जाईल, मग परत बंद करा. पण नुसतं मोजण्यावरही जाऊ नका, त्यात आम्ही एकदा चांगलेच फसलोय. एका दुरुस्तीनंतर जमिनीखालचा व्हॉल्व्ह उघडला, २० फेरे मोजले, झाकण लावून निघालो. पुढे पाणीच नाही. दोन दिवस लाइन खोदत बसलो, कुठे चोक झालाय शोधत. शेवटी परत त्या चेंबरमध्ये उतरलो आणि चावी फिरवली तर ती फिरतच राहिली, शेवट लागेचना. बॉनेट खोललं तर आत गेटला स्पिंडलशी जोडणाऱ्या पितळी नटचे आटे साफ गेलेले, गेट खाली बसलेलं आणि स्पिंडल वर एकटाच फिरतोय! तेव्हापासून फेरे मोजायचे आणि शेवटी चावी हाताला थांबलेली जाणवलीही पाहिजे, हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगत आलो.

दुसरा भेद गेटचा. एकसंध पाचर सगळ्यात साधी आणि दणकट, पाण्यासाठी बहुतेक हीच. मधे खाच देऊन थोडी लवचिक केलेली पाचर गरम वाफेच्या लाइनवर बरी, कारण गरम-थंड होताना एकसंध पाचर सीटमध्ये आवळून बसते. दोन तुकड्यांची किंवा दोन समांतर चकत्यांचीही येते, ती आपापली सीट शोधून बसते. मैलापाणी, गाळ असेल तर सुरीसारखं पातळ गेट असलेला नाइफ गेट. जोडणी फ्लँजची, म्हणजे बोल्ट लावायच्या चकतीची, की आट्यांची हे मापावर, लहान पितळी आट्यांचे, मोठे लोखंडी फ्लँजचे, त्यात फार सांगण्यासारखं नाही.

सीटबद्दल मात्र सांगायला पाहिजे. जुन्या मेटल सीटच्या व्हॉल्व्हला तळाशी खाच असते आणि गेट त्यात बसतं, मग वर्षानुवर्षं त्या खाचेत रेती, गंजाचे पापुद्रे साठतात आणि गेट पूर्ण खाली जातच नाही. नव्या रबर सीटच्या व्हॉल्व्हमध्ये गेटलाच रबर चढवलेलं असतं आणि तळ पाइपासारखा सपाट असतो, कचरा साठायला जागाच नाही, बारीकसा खडा आलाच तर रबर त्याच्यावर दबून बसतं. पाण्यासाठी मी तरी हाच घेईन. फक्त रबर सीटवाला जोरात आवळायचा नाही, जुन्या सवयीने लोक लटकून आवळतात आणि रबर फाडतात.

जोराचा विषय निघालाय तर एक हिशोब बघा. बंद गेटवर एका बाजूने ६ बार प्रेशर असेल आणि दुसरी बाजू रिकामी असेल तर १५० मिलिमीटरच्या गेटवर साधारण १ टनाहून जास्त रेटा येतो. ३०० मिलिमीटरवर तो चौपट, सव्वाचार टनांच्या पुढे. हा सगळा रेटा गेटला सीटवर दाबून धरतो आणि आपण वरून ते ओढायला बघतो. म्हणून मोठ्या व्हॉल्व्हला बाजूला छोटा बायपास असतो, आधी तो उघडून पलीकडे पाणी भरू द्यायचं, दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखं झालं की मोठा व्हॉल्व्ह त्या मानाने हलका फिरतो. हे माहीत नसलं की चावीला पाइप घालून चार जण लटकतात आणि स्पिंडल तुटतो. त्यात काही व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवून बंद होतात आणि काही, थोडे असले तरी, नेमके उलटे असतात. टोपीवरचा किंवा चक्रीवरचा बाण आधी बघा.

बंद करताना शेवटचे फेरे एकदम सावकाश, हे वरच्या आकड्यांवरूनच कळेल, प्रवाह खरा तुटतो तो शेवटीच. आधीचे १५ फेरे भराभर मारले तर फार बिघडत नाही पण शेवटचे पाच झटक्यात मारले तर पाण्याचा हातोडा बसतो. झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये याचा हिशोब मांडला, लोखंडी पाइपात सेकंदाला १ मीटर वेगाने चाललेलं पाणी अचानक अडवलं तर प्रेशर साधारण १० बारने उसळतं. पीएन १० लिहिलेला, म्हणजे १० बारसाठी बनवलेला पाइप आधीच ६ बारवर चालत असेल तर बेरीज तुम्हीच करा.

ग्लँडमधून थेंब थेंब गळत असेल तर लगेच घाबरू नका, दोन्ही नट सारखे, एका वेळी पाव फेरा असे आवळा, एकच बाजू आवळली तर स्पिंडल घासतो. तरी थांबलं नाही तर डोरी बदलायची झाली. आणि वर्षातून एकदा तरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पूर्ण उघडा, नाहीतर गंज धरून तो तसाच चिकटतो.

तर संपादक साहेब, त्या लेखातली तेवढी एक ओळ दुरुस्त करून छापा. आणि ज्यांनी ती वाचून व्हॉल्व्ह अर्धा ठेवलाच असेल त्यांनी आज तो सावकाश पूर्ण उघडावा, शेवटी थांबला की अर्धा फेरा मागे घ्यावा म्हणजे पुढच्या वेळी जाम मिळणार नाही. वाटेत अडला तर चक्रीला पाइप घालू नका, थोडा पुढे थोडा मागे असा हलवत न्या, सुटतो.

आपला,
एक निवृत्त पाइपलाइन फिटर