फुकटची जमीन म्हणे!
संपादक साहेब, नमस्कार,
रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेत गेलेल्या नॉर्वेजियन शेतकऱ्यांवरचा लेख वाचला, छान होता पण १६० एकर जमीन 'फुकट' मिळाली हे काही पटलं नाही बुवा. १८६२ च्या होमस्टेड कायद्यात (वस्ती करणाऱ्यांना सरकारी जमीन देणारा अमेरिकेचा कायदा) फी होतीच, वर पाच वर्षं तिथेच राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, मग कुठे कागद हातात. अमेरिकेतल्या डाकोटा भागात लाकूडच मिळेना म्हणून गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापून घरं रचली, पाऊस आला की छतातून चिखल थेट ताटात! आणि ती जमीन आधी डाकोटा वगैरे आदिवासी जमातींची होती, त्यावर लेखात एक ओळ नाही.
मुलीकडे अमेरिकेत मिनेसोटात गेलो होतो तेव्हा शेजारच्या नॉर्वेजियन वंशाच्या आजींनी त्यांच्या पणजोबांची लाकडी पेटी दाखवली, वर रंगीत वेलबुट्टी, नाव आणि साल. आजींचं आडनाव म्हणजे नॉर्वेतल्या शेताचं नाव, आपल्या गावावरून पडलेल्या 'कर'वाल्या आडनावांसारखंच की. पण तिकडे शेत बदललं की नाव पण बदलायचं, त्यामुळे वंशावळ शोधताना आजींच्या डोक्याला नुसता ताप. यावर पण लिहा कधीतरी.
- एक वाचक, सांगली