मानकाच्या पुढच्या आवृत्तीसाठी आपला वेळ, अनुभव आणि आर्थिक साहाय्य द्यावे

सप्रेम नमस्कार.

एंटरप्राइझ आर्किटेक्चरचे प्रत्यक्ष काम करणारे, ते शिकवणारे आणि त्याच्या आधारे निर्णय घेणारे अशा सर्वांना आमच्या अभ्यास मंडळाच्या वतीने हे आवाहन आहे. संस्थेचे कामकाज, तिची माहिती, संगणकप्रणाली आणि तंत्रज्ञान यांची परस्परांशी असलेली जुळणी कशी मांडावी आणि ती विचारपूर्वक कशी बदलावी, हे सांगणारी मानके आपण रोजच्या कामात वापरतो. त्यांच्या नव्या आवृत्तीचा मसुदा मात्र फार थोडी माणसे मुळातून वाचतात आणि वाचून लेखी अभिप्राय पाठवणारी माणसे तर त्याहूनही थोडी असतात. मसुदा ओळीओळीने वाचणे, त्यातील चूक किंवा उणीव पुराव्यासह दाखवणे, पर्यायी मजकूर लिहून देणे आणि त्यावर निर्णय होईपर्यंत पाठपुरावा करणे, हेच आमच्या मंडळाचे काम आहे. या कामाला आज माणसे अपुरी पडत आहेत आणि काही प्रमाणात पैसाही अपुरा पडतो आहे.

ही मानके कोणा एका तज्ज्ञाने एकदाच लिहून ठेवलेली नाहीत. एंटरप्राइझ आर्किटेक्चर कसे घडवावे याची पद्धत सांगणाऱ्या टोगॅफ या मानकाची पहिली आवृत्ती १९९५ मध्ये आली, ती अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या टॅफिम या चौकटीच्या पायावर. सुरुवातीला तिचा भर तंत्रज्ञानाच्या आर्किटेक्चरवर होता. संपूर्ण संस्थेचा विचार ठळकपणे आला तो २००२ च्या आठव्या आवृत्तीत. पुढे २००९ मध्ये नववी, २०११ मध्ये ९.१, २०१८ मध्ये ९.२ आणि २०२२ मध्ये दहावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. आर्किमेट ही आराखडे काढण्याची भाषा नेदरलँड्समधील एका संशोधन प्रकल्पातून निघाली, २००८ मध्ये टोगॅफ चालवणाऱ्या द ओपन ग्रुप या मंचाकडे आली आणि २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत तिला व्यूहरचनेचे आणि भौतिक साधनांचे घटक मिळाले. आर्किटेक्चरचे वर्णन कसे असावे हे सांगणारे ४२०१० क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक मुळात आयईईई या अभियंत्यांच्या व्यावसायिक संघटनेचे २००० सालचे १४७१ हे मानक होते. २००७ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ते स्वीकारले आणि त्यानंतर २०११ व २०२२ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

या सनावळीतली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. टोगॅफच्या ९.१ आणि ९.२ या दोन आवृत्त्यांमध्ये सहा वर्षांहून अधिक अंतर आहे. एवढ्या काळात क्लाउड सेवा सर्वत्र रूढ झाल्या, लहान लहान टप्प्यांत काम पूर्ण करून देण्याची पद्धत मोठ्या संस्थांनीही उचलली, आणि मानकाच्या मजकुराला या बदलांशी जुळवून घेण्याचे काम प्रत्येक संस्थेतील आर्किटेक्ट आपापल्या परीने करत राहिले. मसुदा अभिप्रायासाठी खुला असताना जे निदर्शनास आणून दिले नाही, ते पुढची अनेक वर्षे तसेच वापरात राहते, शिकवले जाते आणि परीक्षेतही विचारले जाते. म्हणूनच त्या मोजक्या आठवड्यांत मसुदा वाचायला बसणाऱ्या माणसांची आम्हाला एवढी निकड वाटते.

सुधारणेची सुरुवात होते ती बदल-विनंतीपासून. ‘माहितीच्या आर्किटेक्चरचा भाग अपुरा आहे’ अशी विनंती अगदी खरी असली तरी तिच्यावर काहीच करता येत नाही, कारण संपादकाने नेमके कोणते वाक्य उघडावे हे तिच्यातून कळत नाही. उपयोगी विनंती वेगळी असते. समजा, टोगॅफच्या विकास पद्धतीतील ‘जी’ हा टप्पा घेतला. अंमलबजावणी ठरलेल्या आर्किटेक्चरला धरून होते आहे का, यावर या टप्प्यात देखरेख ठेवायची असते. दर दोन आठवड्यांनी नवे काम पूर्ण करून देणाऱ्या पथकाने अनुरूपतेची तपासणी नेमकी केव्हा करावी, असा प्रश्न तेथे उभा राहिला आणि एकाच संस्थेतील दोन पथकांनी एकाच परिच्छेदाचे दोन अर्थ लावले. अशा वेळी विनंतीत कलमाचा क्रमांक हवा, अडचणीचे वाक्य जसेच्या तसे हवे, दोन्ही अर्थ हवेत, त्यांतून कामात काय गोंधळ झाला ते हवे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या वाक्याच्या जागी घालता येईल असा तयार मजकूर हवा. तो मजकूर स्वीकारला तर आणखी कोणती कलमे, कोणत्या आकृत्या आणि कोणत्या व्याख्या बदलाव्या लागतील, याची नोंदही सोबत असावी. एवढे केलेली एकच विनंती ढोबळ तक्रारींच्या मोठ्या गठ्ठ्यापेक्षा अधिक काम करते, असे आमचे ठाम मत आहे.

विनंत्या आल्या की कार्यगट त्यांची छाननी करतो. केवळ भाषेच्या दुरुस्त्या बाजूला काढल्या जातात, आशय बदलणाऱ्या विनंत्या विषयवार गटांकडे जातात, आणि मानकाच्या मूळ रचनेलाच हात घालणाऱ्या विनंत्यांवर आधी व्याप्तीची चर्चा होते. त्यानंतर मसुदा, मसुद्यावर अभिप्राय, अभिप्रायांवर निर्णय आणि पुन्हा मसुदा, असा क्रम चालतो. आयएसओच्या पद्धतीत अभिप्राय ठरावीक तक्त्यात भरावे लागतात: ओळ, कलम, अभिप्राय सर्वसाधारण आहे की तांत्रिक की संपादकीय, कारण, आणि सुचवलेला बदल. प्रत्येक अभिप्रायासमोर निर्णय लिहिला जातो. तो स्वीकारला, फेरफारासह स्वीकारला की नाकारला, आणि नाकारला असेल तर का. हा तक्ता म्हणजे कोरडी कारकुनी आहे असे प्रथम पाहणाऱ्याला वाटण्याची शक्यता आहे. आम्हाला मात्र तो या साऱ्या प्रक्रियेचा कणा वाटतो, कारण मोठ्या कंपनीच्या प्रतिनिधीचा अभिप्राय आणि नवख्या सभासदाचा अभिप्राय तेथे एकाखाली एक बसतात आणि दोघांनाही कारणासह उत्तर द्यावेच लागते.

सहमती म्हणजे काय, याविषयी बराच गैरसमज आढळतो. मानकांच्या कामात सर्वांचे एकमत व्हावेच लागते असे नाही, आणि हात वर करून मोजलेले बहुमतही तेथे पुरत नाही. महत्त्वाच्या मुद्द्यावर कोणाचा टिकून राहिलेला विरोध उरलेला नाही, आणि विरोधी म्हणणे ऐकून त्यातून वाट काढण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाला आहे, अशी ती अवस्था असते. आयएसओमध्ये मसुदा बारा आठवडे राष्ट्रीय संस्थांच्या मतदानासाठी ठेवला जातो; समितीच्या मतदान करणाऱ्या सहभागी सदस्यांपैकी दोन तृतीयांश अनुकूल असावे लागतात आणि एकूण मतांपैकी प्रतिकूल मते एक चतुर्थांशाहून अधिक असून चालत नाहीत. प्रतिकूल मत देणाऱ्याने तांत्रिक कारण दिले नाही, तर ते मत मोजलेच जात नाही. नुसता नकार पुरत नाही, त्यामागचा विचार लिहून द्यावा लागतो, आणि तो लिहिण्यासाठी त्या क्षेत्रातला जाणता माणूस वेळेवर उपलब्ध असावा लागतो.

मतभेद होतात ते बहुधा हितसंबंधांपेक्षा कामाच्या स्वरूपातून. आराखड्यांचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला प्रत्येक नवा घटक म्हणजे साधनात करावा लागणारा बदल दिसतो. प्रशिक्षकाला अभ्यासक्रम दिसतो. वर्षानुवर्षे जमवलेले शेकडो आराखडे सांभाळणाऱ्या आर्किटेक्टला जुन्या आराखड्यांचे काय करायचे ही चिंता असते. २०२२ च्या ४२०१० मानकाने वर्णनाचा विषय ‘प्रणाली’पुरता न ठेवता संस्था, उत्पादनसमूह, सेवा अशा कोणत्याही विचाराधीन घटकापर्यंत विस्तारला, आणि शीर्षकातही संस्थेचा समावेश झाला. कागदावर हा एका संज्ञेचा बदल दिसतो. प्रत्यक्षात ती संज्ञा जेथे जेथे येते ते प्रत्येक कलम, प्रत्येक व्याख्या आणि प्रत्येक आकृती पुन्हा वाचून, विधान अजून खरे राहते का, हे तपासावे लागते. अशा वाचनाला अनेक डोळे लागतात. शिवाय ‘करावेच’, ‘करणे उचित’ आणि ‘करता येईल’ या तीन पातळ्यांत बंधनाचा फरक असतो, आणि घाईत लिहिलेले एक क्रियापद सल्ल्याची अट करून टाकते. संपादकाने कितीही काळजी घेतली तरी हे एकट्याच्या नजरेतून सुटू शकते.

दहाव्या आवृत्तीत टोगॅफची मांडणी दोन भागांत झाली: तुलनेने स्थिर असलेला मूलभूत मजकूर आणि विशिष्ट विषयांवरच्या मार्गदर्शक पुस्तिकांची मालिका. मूळ गाभा न उघडता एखादी पुस्तिका स्वतंत्रपणे सुधारता यावी, हा या रचनेचा मोठा फायदा. आमच्यासारख्या लहान मंडळासाठी हा बदल विशेष आशादायक आहे. कारण संपूर्ण मानक पेलणे अवघड असले, तरी एका पुस्तिकेचा विषय हाती घेऊन तो तडीस नेणे काही निष्ठावान माणसांच्या आवाक्यातले आहे.

आम्हाला हवी आहे ती मदत अशी. सर्वप्रथम वाचक हवेत. आठवड्यातून काही तास नियमितपणे देऊ शकतील आणि हाती घेतलेले प्रकरण मुदतीत पूर्ण करतील असे. वीस वर्षांचा अनुभव असलाच पाहिजे, असा आमचा आग्रह मुळीच नाही. मानक प्रथमच वाचणाऱ्याला जेथे अडखळायला होते, ती जागा जाणकारांच्या सवयीच्या नजरेला दिसतच नाही, म्हणून विद्यार्थी आणि नव्याने या कामात आलेले यांचे आम्हाला मनापासून स्वागत आहे. दुसरे, अनुभवाचे पुरावे हवेत: मानकाप्रमाणे काम करताना कोठे अडले, काय गाळावे लागले, काय स्वतः जोडावे लागले. रुग्णालये, शिक्षणसंस्था, सार्वजनिक प्रशासन आणि लहान उद्योग यांतील अनुभव आम्हाला अधिक मोलाचे वाटतात, कारण आर्किटेक्टांचे स्वतंत्र पथक नेमण्याची ऐपत नसलेल्या संस्थेला मानक कितपत झेपते, हे तेथूनच कळते. असा अनुभव पाठवताना संस्थेचे नाव, ग्राहकांची माहिती आणि सुरक्षिततेशी संबंधित तपशील कृपया वगळावेत. अडचणीचे स्वरूप समजले की पुरे. याखेरीज नोंदी ठेवणारे, आकृत्या शुद्ध काढणारे आणि नेमके, निःसंदिग्ध लिहिणारे यांचीही गरज आहे.

नोकरी देणाऱ्या संस्थांना वेगळी विनंती आहे. आपल्या आर्किटेक्टला या कामासाठी कामाच्या वेळेतून थोडी सवलत द्यावी आणि त्याने लिहिलेला मजकूर मानकात वापरण्यास लेखी परवानगी द्यावी. मजकुराच्या हक्कांचा प्रश्न आधी सुटला नाही, तर चांगली सूचनाही अखेरच्या क्षणी मागे घ्यावी लागते. आपली संस्था मानक चालवणाऱ्या मंचाची सदस्य असेल, तर तेथील आपल्या प्रतिनिधीशी आमची गाठ घालून द्यावी. सदस्य संस्था आणि राष्ट्रीय मानक समित्या यांच्यामार्फतच अनेक अभिप्राय अधिकृतपणे पुढे जातात.

निधी लागतो तो मर्यादित बाबींसाठी. आयएसओची मानके विकत घ्यावी लागतात आणि त्यांच्या प्रती परवान्याबाहेर वाटता येत नाहीत, त्यामुळे वाचकांना अधिकृत प्रती पुरवणे ही मोठी बाब आहे. ऑनलाइन बैठका, नोंदींचे जतन आणि ज्यांचा प्रवासखर्च कोणी उचलत नाही अशा सभासदांना महत्त्वाच्या बैठकीस पाठवणे, एवढाच बाकी खर्च आहे. लेखनाचे किंवा वाचनाचे मानधन कोणालाही दिले जात नाही. देणगीदारांची नावे आणि जमाखर्च सर्व सभासदांसमोर ठेवले जातील. देणगी दिल्याने कोणाच्याही अभिप्रायाला अधिक वजन मिळणार नाही, कोणत्याही उत्पादनाचे नाव मसुद्यात सुचवले जाणार नाही, आणि अशा अटीवर देऊ केलेली रक्कम आम्ही नम्रपणे नाकारू. एकमेकांशी स्पर्धा असलेल्या कंपन्यांची माणसे बैठकीत एकत्र बसतात, म्हणून किंमती, ग्राहक आणि बाजारातील वाटा यांविषयी तेथे बोलायचे नाही, हा नियम सर्वांनी पाळायचा आहे.

सहभागी होऊ इच्छिणाऱ्यांनी मंडळाच्या कार्यवाहांकडे आपले नाव, कामाचे क्षेत्र, कोणते मानक वापरले आहे आणि आठवड्याला किती वेळ देता येईल, हे कळवावे. आपला एखाद्या साधनाशी, प्रशिक्षण व्यवसायाशी किंवा सल्लागार संस्थेशी आर्थिक संबंध असल्यास तोही नमूद करावा. त्यामुळे कोणी अपात्र ठरत नाही, फक्त तो सर्वांना ठाऊक असावा. नव्या सभासदाला जुन्या सभासदाची जोड दिली जाईल आणि पहिले काम म्हणून एखादे छोटे कलम सोपवले जाईल, जेणेकरून तक्ता भरण्याची आणि पर्यायी मजकूर लिहिण्याची पद्धत प्रत्यक्ष कामातून अंगवळणी पडेल. प्रकरणांची वाटणी मसुदा खुला होण्यापूर्वीच करावी लागते. आपली नावे तोवर आली तर प्रत्येक प्रकरण किमान दोघांकडून वाचून घेता येईल, म्हणून निर्णय लवकर कळवावा ही विनंती.

आपले नम्र,
कार्यकारिणी, एंटरप्राइझ आर्किटेक्चर अभ्यास मंडळ