फेरोला जाताय? खोलीआधी नकाशातले बोगदे पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नॉर्डिक बेटांवरच्या सहलींबद्दल पर्यटन पुरवण्यांमध्ये बरेच छापून येते. त्यात कड्यांचे नि धबधब्यांचे फोटो असतात, पण खर्चाचा हिशेब विमानतिकीट आणि हॉटेलाच्या दरापाशीच थांबतो. फेरो बेटांच्या बाबतीत एवढ्यावर विसंबले तर बजेट हमखास कोलमडते, म्हणून हे पत्र.

पहिली ठेच लागते ती व्हिसाची. फेरो बेटे डेन्मार्कच्या राज्यात मोडत असली, तरी ती शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाहीत आणि युरोपीय संघातही नाहीत. ज्यांना व्हिसा लागतो त्यांचे काम नुसत्या शेंगेन व्हिसावर भागत नाही. फेरो बेटांसाठी तो वैध असल्याचा उल्लेख त्यावर असावा लागतो. ही मागणी अर्ज करतानाच करावी. येताना पुन्हा कोपनहेगनला उतरायचे असेल, तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागावा. याच कारणाने विमा पॉलिसीत फक्त ‘शेंगेन देश’ असे लिहिलेले नाही ना, हे पाहून घ्यावे. युरोपीय संघातल्या सिमकार्डाची रोमिंग सवलतही इथे मिळेल असे धरून चालू नये.

आता मुक्काम. अठरा बेटांपैकी बहुतेक मुख्य बेटे पूल आणि बोगद्यांनी जोडलेली आहेत. समुद्राखालच्या चार बोगद्यांना टोल आहे: वागार (2002), उत्तरेच्या बेटांकडे नेणारा नोर्दोय (2006), ऐस्तुरोय (2020) आणि सांडोय (2023). टोलनाक्यावर कोणी थांबवत नाही. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि भाड्याच्या गाडीची रक्कम नंतर बिलात येते. त्यामुळे आठवडाभर कळतही नाही की किती पैसे गेले! उत्तरेच्या बेटांवरच्या क्लाक्सविकमधली खोली स्वस्त दिसते म्हणून घेतली आणि रोज राजधानी टोर्सहाव्हनकडे फिरायला निघालात, तर जाता-येता नोर्दोय आणि ऐस्तुरोय असे दोन-दोन बोगदे पडतात. खोलीत वाचवलेले सगळे तिथेच जाते. आधी काय पाहायचे ते नकाशावर मांडावे, मग खोली शोधावी. गाडी ठरवताना बोगद्यांचा सवलतीचा दर लागू आहे का, हे कंपनीला लेखी विचारावे.

टोर्सहाव्हन ज्यावर आहे ते स्ट्रेमॉय बेट आणि शेजारचे ऐस्तुरोय बेट यांच्यामध्ये जुना पूल आहे, त्याला टोल नाही. टोर्सहाव्हनहून ऐस्तुरोयच्या उत्तरेकडच्या एइदी किंवा ग्योग्व या गावांना जायचे तर पुलाचाच रस्ता धरावा, नकाशाच्या ॲपमध्ये ‘टोल टाळा’ लावून ठेवावे. याउलट त्याच बेटाच्या दक्षिणेकडच्या रुनाविकला जायला 11 किलोमीटरचा ऐस्तुरोय बोगदा घेणेच शहाणपणाचे, कारण त्याने 55 किलोमीटरचा वळसा 17 वर येतो.

घर भाड्याने घेताना दर रात्रीच्या आकड्यावर भुलू नये. स्वच्छतेचे शुल्क आणि अनेकदा चादरी-टॉवेलचे पैसे वेगळे असतात. समजा स्वच्छतेचे 600 क्रोनर (तिथले चलन) आहेत. सहा रात्री एकाच घरात काढल्या तर ते एकदाच द्यावे लागतात. दोन-दोन रात्रींनी घर बदलले तर 1,800 होतात, वर सामान हलवण्यात अर्धा दिवस जातो. कुठेही तंबू ठोकून किंवा गाडीत झोपून पैसे वाचवण्याचा विचार तर करूच नये. अधिकृत कॅम्पिंगच्या जागा सोडून तसे राहायला तिथे मनाई आहे. 28-29 जुलैला ओलाव्सोकाचा राष्ट्रीय सण असतो. त्या आठवड्यात राजधानीत खोली मिळणे मुश्किल, तारखा मोकळ्या असतील तर पुढेमागे सरकवाव्यात.

गाडी नको असेल तरी अडत नाही. टोर्सहाव्हनच्या लाल बस फुकट आहेत आणि निळ्या बस गावोगाव जातात, फक्त फेऱ्या मोजक्या असतात. काल्सोय बेटावर जाताना तर गाडी क्लाक्सविकलाच ठेवावी. फेरीबोट लहान आहे, जेमतेम पंधरा-सतरा गाड्या मावतात, उन्हाळ्यात रांगेत थांबूनही जागा मिळेलच असे नाही. पायी चढणाऱ्याला ही अडचण नाही, पलीकडे बस असते.

गाडी घेतलीच तर वाऱ्याला जपावे. दार उघडताना ते दोन्ही हातांनी घट्ट धरावे, आणि शक्यतो गाडीचे तोंड वाऱ्याकडे करून उभी करावी. वाऱ्याने मागे उलटलेल्या दाराचे नुकसान बऱ्याच विम्यांत धरलेले नसते, तो खर्च ग्राहकाच्याच गळ्यात पडतो. एकपदरी जुन्या बोगद्यांत ‘एम’ लिहिलेली थांबायची जागा ज्याच्या बाजूला, त्याने थांबून समोरच्याला वाट द्यायची.

बऱ्याच पायवाटा खासगी जमिनीतून जातात आणि त्यांना प्रवेशशुल्क असते. त्रेलानीपाच्या कड्यासारख्या ठिकाणी ते माणशी शेकडो क्रोनरांत जाते. चौघांच्या कुटुंबाला हा खर्च बस किंवा जेवणाइतकाच मोजावा लागतो.

विमानतळ एकच, वागारला. धुके आणि वाऱ्यामुळे विमाने रखडतात, रद्दही होतात. म्हणून परतीच्याच दिवशी कोपनहेगनहून पुढचे विमान धरू नये, मध्ये किमान एक रात्र ठेवावी. सोर्वागुर गावाहून मिकिनेस बेटावर जाणारी बोटही हवामानावर अवलंबून असते, ती सहलीच्या सुरुवातीच्या दिवसांत ठेवावी, म्हणजे रद्द झाली तर दुसरा दिवस हाताशी राहतो.

जेवणाचा खर्च आटोक्यात ठेवायचा तर स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे. पण रविवारी मोठी दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारी रात्री पोहोचणाऱ्याने रविवारच्या दोन वेळांचे सामान सोबत आणावे. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे, बाटल्या विकत घेऊ नयेत. फेरोच्या नोटांची किंमत डॅनिश क्रोनरइतकीच असते, मात्र डेन्मार्कमधली दुकाने त्या सहसा घेत नाहीत. उरलेल्या नोटा निघण्यापूर्वीच संपवाव्यात किंवा बदलून घ्याव्यात.

आपला,
एक वाचक