पोलीस पाटीलताई, तुमचे आभार

ताई,

स. न. वि. वि.

समोर भेटून आभार मानायला गेलो तर "त्यात काय मोठंसं" म्हणून विषय उडवून लावाल आणि वर चहाला बसवाल. म्हणून हे उघड पत्र.

त्या रात्री आमच्याकडे उतरलेलं हॉलंडचं जोडपं कासवमित्राबरोबर, म्हणजे कासवांची घरटी राखणाऱ्या आपल्या पोराबरोबर, किनाऱ्यावर गेलं होतं. अंडी घालायला वर येणारी मादी पांढऱ्या उजेडाला बिचकते, म्हणून दोघांच्या कपाळावर लाल बॅटऱ्या. कासवमित्र गस्त घालत पार खाडीच्या टोकाला गेला आणि हे दोघे सुरूच्या बनाशी बसून राहिले. अंधारात समुद्राच्या अंगाला हलणारे लाल दिवे कोणाला तरी दिसले आणि त्याने पोलिसांना फोन लावला. त्याला मी नावं ठेवणार नाही. १९९३ साली शेखाडीला स्फोटकं उतरली ती याच समुद्रातून. २००८ मध्ये मुंबईत हल्ला करणारे आले तेही पाण्यावरून. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला लागलेल्या बोटीत एके-४७ मिळाल्या, तेव्हा बोट नुसती भरकटत आलेली आहे हे कळेपर्यंत आपल्याकडे कोणाच्या डोळ्याला डोळा नव्हता. असं काही दिसलं तर कळवा, हे आपल्याला बैठका घेऊन सांगितलेलं आहे.

पण पुढे जे झालं ते बघवत नव्हतं. मी दूरक्षेत्रावर, म्हणजे पोलिसांच्या छोट्या चौकीवर, पोचलो तेव्हा दोघांना वेगवेगळ्या बाकांवर बसवलं होतं. फोन, कॅमेरा, वही, सगळं टेबलावर. वहीत भरती-ओहोटीच्या वेळा आणि किनाऱ्याचा हाताने काढलेला नकाशा! घरटी कुठे सापडली त्याच्या खुणा होत्या त्या, पण रात्री साडेबाराला तो नकाशा बघून कोणाचंही मन शंका घेईल. पासपोर्ट आमच्याकडे खोलीवर राहिलेले. ड्युटीवरचे हवालदार मराठीत विचारत होते, उत्तर आलं नाही की तेच आणखी मोठ्याने विचारत होते. आवाज चढवला की परदेशी माणसाला मराठी समजतं, असा आपल्याकडे एक समज आहे. ती मुलगी थरथरत होती. मी मध्ये बोलायला गेलो तर "तुम्ही घरमालक ना, बाहेर थांबा" असं ऐकवण्यात आलं.

आणि मग गाऊनवर शाल गुंडाळून, काखेत फाईल घेऊन तुम्ही आलात.

तुम्ही वाद घातला असता, तर साहेब इरेला पेटले असते. तुम्ही आधी त्या मुलीशेजारी बसलात. "बाय, घाबरू नको," एवढंच मराठीत. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला सांगितलंत, की आता हे नाव लिहून घेतील, मग पासपोर्ट मागवतील, मग नवऱ्याला तुझ्याजवळ बसवतील. नंतर तसंच, त्याच क्रमाने घडत गेलं. तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, की पुढच्या पाच मिनिटांत आपलं काय होणार हेच माहीत नसल्यामुळे तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

मग तुम्ही फाईल उघडलीत. परदेशी पाहुणा आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म (पूर्वी त्याला सी फॉर्म म्हणत) भरायचा, हे आम्हा खोल्या देणाऱ्यांना ठाऊक असतं आणि आम्ही तो भरतोही. पण भरलेल्या फॉर्मची एक प्रत तुमच्याकडे टाकायची, ही सवय आम्हाला तुम्ही लावलीत. दूरक्षेत्रावर त्या रात्री नेट बंद होतं. तुमच्या फाईलमधला तो कागद नसता, तर सकाळपर्यंत दोघे बाकावरच असते. साहेबांनाही त्या कागदाने मोकळं केलं. वर उत्तर द्यायला त्यांच्या हातात काहीतरी आलं.

मुलीला तालुक्याला न्यायची भाषा निघाली, तेव्हाही तुम्ही आवाज चढवला नाहीत. सूर्यास्तानंतर बाईमाणसाला अटक करायची तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि अटक नसेल तर नेताय कशाला, असं विचारलंत. पाहुण्यांनी आपल्या वकिलातीत फोन करायचं म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "करू दे साहेब. १९६३ च्या व्हिएन्ना करारात आहे ते. कुलभूषण जाधवांसाठी आपल्या देशाने हेच मागितलं ना?" यावर कोण काय बोलणार! फोन मिळाला. कासवमित्रही तोवर धापा टाकत पोचला, आणि दोनच्या सुमारास जबाबावर सह्या करून दोघे सुटले.

गावात काहीजण पोलीस पाटील म्हणजे दाखल्यावर शिक्का मारणारा माणूस समजतात. १९६७ च्या कायद्याने ठरवून दिलेलं ते पद आहे, आणि मानधनाच्या मानाने कामं किती, हे मी आता पाहिलंय.

पाहुणे तिसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याला गेले, तिथली डचांची पडकी वखार बघायला. घाबरून मुंबई गाठतील असं मला वाटलं होतं. जाताना त्यांनी तुमचा पत्ता मागितला. तुम्हाला विचारल्याशिवाय दिला नाही; तुम्ही हो म्हणालात तर कळवतो. रात्री किनाऱ्यावर जाणाऱ्यांची नावं कासवमित्रांनी आधी दूरक्षेत्रावर द्यायची, ही तुमची सूचना ग्रामसभेत मी मांडतो, अनुमोदन तुम्ही द्या.

आणि हो, फोन कोणी केला ते तुम्हाला माहीत आहे, हे मला माहीत आहे. दोनदा विचारलं, तुम्ही सांगितलं नाहीत. आता विचारत नाही.

आपला नम्र,
खालच्या वाडीतला खोल्यावाला