सूचना : बाप्तिस्म्याच्या उपासनेची तयारी

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

येत्या रविवारचा बाप्तिस्मा, म्हणजे विश्वासाची कबुली देणाऱ्याला पाण्यात पूर्ण बुडवून वर काढण्याचा विधी, मंडळीच्या (चर्चच्या) हौदातच होईल. काहींना पंचगंगेचा घाट हवा होता. पण पावसात नदी चढते, पायऱ्या शेवाळतात आणि गढूळ पाण्यात पायाखालचं दिसत नाही.

हौद शनिवारी संध्याकाळीच कमरेइतका भरावा. पाणी त्याहून कमी असेल तर माणूस पूर्ण बुडत नाही आणि बुडवणाऱ्या पाळकांच्या (पास्टरांच्या) कमरेवर ताण येतो. पाणी तापवायचा रॉड लावलाच, तर कोणी हौदात उतरण्याआधी प्लग काढून रॉड बाहेर ठेवावा. वायरचा माईक पाण्यात उभ्या असलेल्या कोणाच्याही हाती देऊ नये. यात शॉक लागून जीव जाऊ शकतो, म्हणून स्वीचपाशी एक जण थांबेलच.

कपडे गडद रंगाचे, सुती घालावेत. पांढरे भिजले की अंगाला चिकटून पारदर्शक होतात. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस सोयीचा. टॉवेल आणि कोरडे कपडे आणावेत. फिट येत असेल किंवा हृदयविकार असेल तर पाळकांना आधी सांगावं.

ज्यांच्या मनात अजून शंका आहेत त्यांनी नाव मागे घेतलं तरी चालेल. आपल्याकडे बाप्तिस्मा स्वतःच्या विश्वासाच्या कबुलीवर होतो. घरच्यांच्या आग्रहाखातर दिलेली साक्ष (आपल्या विश्वासाबद्दल मंडळीसमोर सांगणं) कबुली ठरत नाही. पुनरुत्थित येशूला पाहूनही काही शिष्यांना संशय आला होता (मत्तय 28:17), तरी त्याने त्यांना दूर केलं नाही. तेव्हा “अजून का नाही घेतला?” असं कोणी कोणाला चहाच्या वेळी विचारू नये, ही कळकळीची विनंती. ज्यांना शंकांवर बोलायचं आहे त्यांच्यासाठी पाळक शुक्रवारी प्रार्थनेनंतर थांबतील.

साक्षी ऐकायला सभासदांची बैठक शनिवारी, हौद भरण्याआधी आहे.

– मंडळीचे डीकन